तपासणीच्या हद्दीबाहेरची घागर

म्हैसूरहून कूर्गाकडे निघालेला मराठी प्रवासी हुणसूर मागे टाकून पिरियापट्टण तालुक्यात शिरतो, तेव्हा त्याचे चित्त बहुधा पुढच्या बैलकुप्प्याच्या सुवर्णमंदिराकडे आणि त्याही पुढे, कावेरी ओलांडल्यावर लागणाऱ्या कॉफीच्या मळ्यांकडे लागलेले असते. त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेताशेतांतून उभ्या असलेल्या, खिडकीचा पत्ता नसलेल्या, कौलांनी किंवा पत्र्यांनी शाकारलेल्या चौकोनी उंच इमारती त्याच्या दृष्टीस पडल्या तरी मनात भरत नाहीत, आणि बरोबरच्या मुलाने विचारलेच तर धान्याची कोठारे असतील असे सांगून तो मोकळा होतो. तेथील शेतकरी या इमारतींना ‘ब्यारन’ म्हणतात. सिगारेटीत जाणारी व्हर्जिनिया जातीची तंबाखू पिकवून वाळवण्याच्या त्या भट्ट्या होत. आपल्या निपाणीकडची विडीची तंबाखू उन्हात वाळते; इकडची अग्नीवर वाळते, आणि एवढ्या एका भेदामुळे शेतकऱ्याच्या बांधावर वर्षातून अडीच-तीन महिने एक लहानसा कारखाना चालू होतो, ज्याला कारखाना म्हणण्यास कायदा मात्र तयार नाही.

या कारखान्याचे काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण पुढच्या साऱ्या विवेचनाची मुळे तेथेच आहेत. पावसाच्या आरंभी लावलेल्या रोपांची पाने साधारण जुलैपासून पक्व होऊ लागतात, तीही खालून वर अशा क्रमाने. म्हणून झाड एकदम न छाटता दर आठवड्याला तळची दोन-तीन पाने खुडावी लागतात. खुडणी सकाळी होते, त्या वेळी पाने दवाने किंवा रात्रीच्या सरींनी चिंब असतात, आणि मजूर ती पाने काखेत, छातीशी कवटाळून किंवा डोक्यावर भारा करून ब्यारनपाशी आणतो. तेथे ओट्यावर किंवा झाडाच्या सावलीत बायका पाने जोडीजोडीने काठ्यांना दोऱ्याने गुंफतात. त्यांच्या बोटांना तंबाखूचा चिकट काळसर राप बसतो, आणि तो साध्या पाण्याने धुऊन जात नाही. मग गुंफलेल्या काठ्या भट्टीच्या आत जमिनीपासून छपरापर्यंत माळ्यामाळ्यांनी अडकवतात. हे काम करणारा इसम आडव्या वाशांवर पाय फाकून उभा राहतो आणि खालून हातोहात येणाऱ्या काठ्या डोक्यावरच्या माळ्याला लावतो, तेव्हा ओल्या पानांचे पाणी त्याच्या मानेवरून पाठीवर निथळत असते.

नंतर दार बंद होते आणि बाहेरच्या चुलाण्यात लाकडे पेटतात. चुलाण्याची ऊब लोखंडी नळांतून आत फिरते. धूर पानांना लागू द्यायचा नसतो, केवळ उष्णता द्यायची असते. आरंभी पस्तीस-अडतीस अंशांच्या दमट उबेत पान हिरव्याचे पिवळे होते. मग उष्मा हळूहळू चढवून तो रंग पक्का करतात, पात्याचा ओलावा काढतात, आणि अखेरीस सत्तर अंशांच्या आसपास पानाची जाड शीर वाळवतात. या साऱ्याला पाच ते सात दिवस लागतात. एक किलो तयार तंबाखूमागे चार-पाच किलो जळण लागते असा सर्वसाधारण हिशेब आहे. या काळात रात्रंदिवस कोणीतरी चुलाण्यापाशी बसलेच पाहिजे, कारण आच कमी पडली तर पान काळवंडते, अधिक झाली तर करपते, आणि एखादे पान सुटून तापलेल्या नळावर पडले तर पाहता पाहता सारी भट्टी पेटते.

आता या मजुराच्या प्रकृतीचा प्रश्न. ओल्या तंबाखूच्या पानातील निकोटिन पाण्यात उतरते आणि घामेजलेल्या कातडीतून सरळ रक्तात जाते. त्यासाठी विडी ओढावी लागत नाही की पान-तंबाखू चघळावी लागत नाही. काही तासांतच डोके गरगरते, मळमळते, उलट्या होतात, हातापायांतले त्राण जाते, आणि क्वचित माणूस आडवाच होतो. आधुनिक वैद्यकात या विकाराचे पहिले वर्णन १९७० साली अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानातल्या तंबाखू खुडणाऱ्या मजुरांवरून प्रसिद्ध झाले, आणि पुढे गुजरातेतील तंबाखू-कामगारांमध्येही त्याचा अभ्यास झाला. परंतु शास्त्राने ज्याला उशिरा नाव दिले ते पाहणाऱ्याने फार पूर्वी पाहून ठेवले होते. व्यवसायजन्य रोगांवरील आपला ग्रंथ इटलीतील मोदेना येथे १७०० साली छापणारा वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने त्यात तंबाखूच्या कामगारांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे; त्यात तंबाखू दळणाऱ्यांची डोकेदुखी, भोवळ आणि मळमळ यांचे वर्णन तर आहेच, पण तंबाखूच्या चक्कीला जुंपलेले घोडेसुद्धा त्या खकाण्याने मान झाडतात आणि खोकतात, ही गोष्टही त्याने टिपली आहे. रोग्याला भेटल्यावर वैद्याने त्याचा धंदा विचारावा, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडील प्राथमिक आरोग्य केंद्रात उलट्या होणारा मजूर ऑगस्ट महिन्यात आला, तर त्याला हा प्रश्न विचारला जातोच असे नाही. तो न विचारल्यास विकाराची नोंद पित्त, अजीर्ण किंवा फार तर कीटकनाशकाची बाधा अशी होते, कारण लक्षणे मिळतीजुळती आहेत. आणि याच दिवसांत पिण्याचे पाणीही गढूळ झालेले असल्याने ‘पाणी बाधले’ हे निदान तर तयारच असते.

येथे दोन प्रकारच्या तपासण्या एकमेकींना भेटायला हव्या होत्या: कामाच्या जागेची आणि पाण्याची. त्या भेटत नाहीत, याचे कारण दोहींच्या इतिहासात आहे.

कारखान्याच्या तपासणीचा इतिहास आपल्या मुंबईत घडला. १८८१ चा पहिला कारखाने-कायदा ज्या कारखान्यात यंत्रशक्तीवर शंभर माणसे काम करतात आणि जो वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतो, एवढ्यालाच लागू होता. म्हणजे हंगामी धंदा पहिल्या दिवसापासूनच दाराबाहेर राहिला. त्या कायद्याचा अंमल कसा चालला आहे हे पाहण्यास विलायतेहून मीड-किंग नावाचे इन्स्पेक्टर आले, आणि १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. आठवड्याची एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी झालेल्यास भरपाई, इतक्या साध्या मागण्यांसाठी एवढा खटाटोप करावा लागला, हे आज वाचताना आश्चर्य वाटते. पण त्या रेट्याने कायद्याची कक्षा रुंदावत गेली. १८९१ साली माणसांची मर्यादा शंभरावरून पन्नासावर आली, १९२२ साली वीसवर, आणि १९४८ च्या कायद्याने यंत्रशक्ती असेल तेथे दहा व नसेल तेथे वीस अशी ठरली. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात पिण्याच्या पाण्याची तजवीज इतक्या बारकाईने सांगितली होती की वाचणाऱ्याला कायदेकर्त्याचे कौतुक वाटावे: पाणी निर्मळ हवे, पुरेसे हवे, त्या जागेवर कामगारांना समजणाऱ्या भाषेत ‘पिण्याचे पाणी’ असे लिहिलेले हवे, आणि मोरी, मुतारी, शौचकूप, पिकदाणी, उघडे गटार यांपासून ती जागा सहा मीटरच्या आत नसावी. दोनशे पन्नासांहून अधिक कामगार असतील तर उन्हाळ्यात पाणी गारही हवे.

हे सारे ब्यारनच्या ओट्यापर्यंत येऊन थांबते. तेथे यंत्रशक्ती नाही, चुलाणे आहे; माणसे वीस नाहीत, सात-आठ आहेत; आणि त्यांतली निम्मी घरचीच आहेत. गंमत अशी, की हीच तंबाखू पुढे व्यापाऱ्याच्या वखारीत गेली की कायद्याच्या दृष्टीने तिचे भाग्य फळफळते. आंध्रातील एलुरू येथील एका कंपनीच्या आवारात तंबाखूची वाळलेली पाने ओलावून, शिरा काढून, गठ्ठे बांधण्याचे काम चाले, आणि ती ‘निर्मितीची प्रक्रिया’ ठरते की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला; १९६९ साली न्यायालयाने ती प्रक्रियाच ठरवली. वखारीत वाळले पान ओलावणे हा उद्योग ठरला. शेतावर ओले पान सत्तर अंशांत वाळवणे ही शेती राहिली. १९४८ च्या कायद्याच्या ८५ व्या कलमाने राज्य सरकारला थोडी माणसे असलेल्या जागाही कायद्याखाली आणण्याचा अधिकार दिला होता खरा, पण तेथेही मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या साह्याने काम करीत असेल तर ती जागा वगळण्याची अट होती. आणि आता तर २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत ही मर्यादा वीस आणि चाळीस अशी दुप्पट झाली आहे. शंभर, पन्नास, वीस, दहा असा जो उतार सुमारे सत्तर वर्षे अखंड चालला होता, तो येथे उलट फिरला. यात उद्योजकाची सोय असेल; कामगाराची कोणती, हे मला अद्याप कळलेले नाही.

सरकारला ब्यारन दिसतच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. १ जानेवारी १९७६ रोजी स्थापन झालेल्या आणि गुंटूर येथे मुख्य कचेरी असलेल्या तंबाखू बोर्डाच्या दप्तरात त्यांची नोंद आहे. शेतकऱ्याची नोंदणी, भट्टीचा परवाना, लागवडीची मर्यादा, विक्रीचे अधिकृत वजन, सारे कागदोपत्री चोख. पिरियापट्टण आणि त्याच तालुक्यातील कंपलापूर येथे बोर्डाची लिलावकेंद्रे आहेत. तेथे गठ्ठा उघडून त्यात प्लॅस्टिकचा धागा, सुतळीचा तुकडा, गवताची काडी तर नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते, कारण परदेशी गिऱ्हाईक तसल्या भेसळीबद्दल फार काटेकोर असते. म्हणजे पानाची तपासणी होते, भट्टीची होते, वजनाची होते. पान गुंफणाऱ्या बोटांची तपासणी कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

आता पाण्याकडे वळू. जुन्या म्हैसूर संस्थानात तालुक्याच्या प्रमुखास अमलदार म्हणत, आणि आरोग्याच्या बंदोबस्ताची सूत्रे सरतेशेवटी त्याच्याच कचेरीत येऊन मिळत. संस्थानाला या विषयाचे वळण लावणाऱ्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा वाटा मोठा, आणि ते घडले आपल्या मुलखात: पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकून त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सुमारे चोवीस वर्षे काढली, सक्करचा पाणीपुरवठा उभारला, इलाख्याचे आरोग्य-अभियंता म्हणूनही काम पाहिले, आणि १९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. मोठ्या माणसांच्या मोठ्या योजनांचे चरित्रकारांना आकर्षण असते. पण पाण्याची शुद्धता अखेर ज्याच्या हाती असते तो गावचा नीरगंटी, म्हणजे पाणी सोडणारा पंचायतीचा नोकर, त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही.

आजची व्यवस्था अशी आहे. उद्भवाचे, म्हणजे विंधनविहिरीचे किंवा तळ्याचे पाणी टाकीत चढते. नीरगंटी त्यात ब्लीचिंग पावडर मिसळतो आणि अर्धा तास थांबून पाणी सोडतो. आरोग्य निरीक्षक येतो तो टाकीपाशी न थांबता गावातल्या शेवटच्या नळावर जातो, निदान त्याने जावे अशी अपेक्षा असते. तेथे काचेच्या छोट्या नळीत पाणी घेऊन तो ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकतो. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. ते लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी असावे असा दंडक आहे. रंग आलाच नाही तर शोध सुरू होतो, आणि खरा निरीक्षक ओळखू येतो तो या ठिकाणी. पावडरची पिशवी तोंड उघडी ठेवून दमट खोलीत पडली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो आणि नीरगंटी इमानाने टाकीत निव्वळ चुना ओतत असतो. किंवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचलेले असते: पाणी चोवीस तास न राहता तासाभरासाठी येते, ते बंद होताच नळांत पोकळी निर्माण होते, आणि खड्ड्यातले ते पाणी सांध्याच्या फटीतून आत शोषले जाते. दुसऱ्या दिवशीचे पहिले हंडे त्या पाण्याचे असतात. प्रयोगशाळेत बसून हे कळत नाही. त्यासाठी खड्ड्याचे झाकण उचलून आत डोकवावे लागते, आणि हे काम काही सुगंधी नाही.

नमुन्यावर विसंबण्याची किंमत दिल्लीने एकदा मोजली आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलटून वजीराबादच्या उपशाशी येऊन मिळाले. क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली, विषमज्वराची साथ आली नाही, आणि तरीही पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली, कारण काविळीच्या विषाणूला त्या क्लोरीनची मातब्बरी वाटली नाही. दूर कशाला, मे २०२४ मध्ये म्हैसूर शहराला लागून असलेल्या के. सालुंडी गावात दूषित पाण्याने एका तरुणाचा बळी घेतला आणि डझनावारी माणसे इस्पितळात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर, नांदेड आणि किरकटवाडी भागात, गिलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराने जो हाहाकार केला तो मराठी वाचकांच्या स्मरणात ताजा असेल. त्या वेळी महापालिकेने पाण्याचा शोध घेता घेता अनेक खासगी आर.ओ. केंद्रांना टाळे ठोकले. लोक ज्या पाण्याला नळाहून शुद्ध समजून पैसे मोजत होते, त्यात क्लोरीनचा अंशही नव्हता.

कर्नाटकाच्या खेड्यांतून अशी केंद्रे सरकारनेच उभारली आहेत. नाणे टाकले की वीस लिटरचा जार भरून मिळतो, चव गोड असते, क्षार गेलेले असतात. परंतु गाळून निघालेल्या त्या पाण्याला पुढचा कोणताही पहारेकरी नसतो. जार घासलेला नसेल, किंवा त्यात कोणी घामट हात बुडवला, तर ते तेथून पुढे असुरक्षितच. नळाच्या पाण्यातला क्लोरीन चवीला कडवट लागतो खरा, पण तो घरापर्यंत राखण करीत येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्वच्छतेवरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. तिची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. कारण ते कार्ड नळाच्या पाण्याच्या बाटलीवरून ठरत नाही. विहिरीचा कठडा, पंपाभोवतीचा ओटा, गळकी नळी, जवळचा उकिरडा हे प्रत्यक्ष पाहून ठरते, आणि लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला गावात तोंड दाखवताना संकोच होतो. कागदाने एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

तर पिरियापट्टणच्या शेतावर, ब्यारनच्या ओट्यापाशी, एक घागर असते. कधी स्टीलची कळशी, कधी प्लॅस्टिकचा जार. तिच्यातले पाणी गावच्या नळाचे असेल, शेतातल्या खासगी विंधनविहिरीचे असेल, पावसात जवळच्या कालव्याचेही असेल. तांब्या एकच. तो बुडवणारे हात सकाळपासून तंबाखूची ओली पाने गुंफत आलेले. हात धुण्यास साबण कोणी आणला तर तो चुलाण्यापाशी बसणाऱ्याच्या घरचा. या घागरीची तपासणी कोणी करावी? कारखाने-निरीक्षकाच्या लेखी हा कारखाना नाही. पंचायतीच्या लेखी ही नळजोडणी नाही. आरोग्य निरीक्षकाला पाणी तपासण्याचा अखत्यार आहे, पण त्याच्या फिरतीच्या कार्यक्रमात गावे, शाळा, अंगणवाड्या आणि टाक्या आहेत, शेते नाहीत. बोर्डाचा अधिकारी या ओट्यापर्यंत येतो, तो एकटाच. पण त्याच्या वहीत पाण्याचा रकाना नाही.

शिवाय वेळापत्रकाचा एक पेच आहे. जलजीवन मिशनच्या धोरणाप्रमाणे पाण्याची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर व्हावयाची असते. हा क्रम समजण्यासारखा आहे. पावसाने काय बिघडवले ते पावसानंतर कळते. परंतु पिरियापट्टणच्या भट्ट्या पेटतात त्या नेमक्या या दोन तपासण्यांच्या मधे, जेव्हा पाणी सर्वांत गढूळ, पाने सर्वांत ओली आणि मजूर सर्वांत अधिक असतात. ऑक्टोबरात निरीक्षक नमुना घेतो तेव्हा माल लिलावाला गेलेला असतो आणि ओट्यावर वाळत घातलेल्या रिकाम्या काठ्या असतात.

यासाठी नवा कायदा मागण्याची मला घाई नाही. तंबाखू बोर्डाच्या परवान्याचे नूतनीकरण होतेच. त्या अर्जात ओट्याजवळ झाकलेले पाणी, हात धुण्याची सोय आणि खुडणीसाठी हातमोजे यांचे तीन रकाने वाढवण्यास संसदेची संमती लागू नये. प्रत्येक गावात पाच स्त्रियांना पाणी-तपासणीची पेटी देऊन शिकवण्याची योजना आहेच; त्या पाचांपैकी एखादी हंगामात पाने गुंफण्यास जात असण्याचा संभव पिरियापट्टणसारख्या तालुक्यात थोडा नव्हे, आणि तिने ती पेटी सोबत नेली तर सरकारी जीपची वाट पाहावी लागणार नाही. आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीत जुलै ते सप्टेंबर एवढ्यापुरता ‘आज काय काम केले’ हा एक प्रश्न वाढला, तर पित्ताच्या नावाखाली लपलेले पुष्कळ काही बाहेर येईल. राहता राहिली निरीक्षकाची ऑगस्टातली फिरती. त्याबाबत तालुक्याच्या कचेरीत चौकशी केली तर अधिकाराची अडचण कोणी सांगणार नाही. तेथे पहिला प्रश्न निघेल तो हा, की बांधाबांधावरून चिखल तुडवीत दिवसाला पाच-सहा ब्यारन पाहणाऱ्या माणसाचा प्रवासभत्ता कोणत्या सदराखाली टाकायचा.